दसऱ्याला उघडलेली पेटी

आमच्या खोलीत नवी वस्तू आली की जुनी एखादी बाहेर जाते. हा नियम मी केलेला नाही, खोलीने केला आहे. लग्न होऊन मालवणकडून लालबागला आले तेव्हा याच खोलीत आम्ही दोघं, दोन दीर आणि माझ्या खानावळीत जेवणारे गिरणीतले गाववाले एवढे सगळे होतो, आणि माणसं पाळीपाळीने झोपायची. आता चौघंच आहोत. मी, नवरा, मुलगा आणि सून. तरी जागा पुरत नाही. माणसं कमी झाली, सामान वाढलं.

म्हणून कुरिअरवाला ती पेटी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, "ही कुठे ठेवणार?"

पेटी केवढी, तर दोन बर्नरची शेगडी आत मावेल आणि वर कुकरही. मुलाने स्टूल घेतलं, माळ्यावरचा माझा मोठा टोप खाली काढला आणि पेटी वर सरकवली. त्या टोपात मी गावच्या गाव जेवेल एवढा भात शिजवलेला आहे.

"आता टोप कोणाला लागतो आई?" तो म्हणाला.

"तुझी पेटी कोणाला लागते?"

"ती लागत नाही. ती असते."

टोप शेजारणीने नेला तो नेलाच. मला त्याचं वाईट वाटलं असं नाही. जड होता, घासायला कंबर जायची. पण त्याच्या जागी काय आलं ते तरी कळायला हवं होतं. मुलगा सांगेना, म्हणून सुनेला विचारलं. ती माहीमच्या कोळीवाड्यातली, प्रभादेवीला पार्लरमध्ये काम करते. तिने सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही.

"एकच व्हिडिओ गेम दोन तऱ्हांनी विकतात, आई. एक साधी डबी, आत तबकडी. दुसरी ही, कलेक्टर्स एडिशन. हिच्यात पण तीच डबी, पण सोबत पुतळा, चित्रांचं जाड पुस्तक, कापडावर छापलेला नकाशा आणि एक नाणं."

"नाणं चालतं कुठे?"

"गेममधल्या गावात."

"आणि नकाशा?"

"त्याच गावाचा."

"म्हणजे नसलेल्या गावाचा नकाशा आणि न चालणारं नाणं."

"आणि भाव कितीतरी पट." तिने भाव सांगितला. मी तो परत विचारला नाही.

"तू घेऊ कसं दिलंस?"

"त्याच्या कामाचं आहे हो ते," ती म्हणाली आणि केस विंचरायला लागली, म्हणजे पुढचं बोलायचं नव्हतं.

ते खरं होतं. मुलगा चित्रकलेत बरा होता. शाळेत असताना तो गल्लीतल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात पडलेला असायचा. मी तिथून त्याला कान धरून आणला, एकदा नाही, पुष्कळदा. नंतर त्याने दादरला अ‍ॅनिमेशनचा क्लास केला आणि परळला एका काचेच्या इमारतीत नोकरीला लागला. लोकांना वाटतं, त्याच्या बापाच्या गिरणीच्या जागेवरच ती इमारत उभी आहे. नाही. बापाच्या गिरणीची जागा तेव्हा कुंपण घालून नुसती पडलेली होती. ही दुसऱ्या गिरणीची.

तिथे परदेशातल्या खेळांचं काम यायचं. सगळा खेळ नाही, तुकडे. कोणाकडे झाडं, कोणाकडे घोडे. माझ्या मुलाकडे भिंती. दोन-अडीच वर्षं तो कॉम्प्युटरवर भिंती करत होता. किल्ल्याच्या, घरांच्या, बोळातल्या. मी शेजारणीला सांगितलं, मुलगा भिंती करतो, तर तिला वाटलं गवंडीकामाच्या कंत्राटात आहे. तिने मला तिच्या गावच्या घरासाठी भाव विचारला.

मग खेळ पुरा झाला, बाजारात आला, आणि त्या ऑफिसने भिंतीवाल्यांना, झाडवाल्यांना, सगळ्यांनाच घरी पाठवलं. प्रत्येकाला एक टी-शर्ट दिला. खेळाची डबी नाही दिली. ती पेटी मुलाने स्वतःच्या पैशाने, नोकरी गेल्यावर मागवली. शहाण्या माणसाने हे करू नये, हे मला तेव्हाही वाटत होतं आणि आताही वाटतं.

बरं, मागवली तर मागवली. उघडली नाही. पेटीवर पातळ प्लास्टिक घट्ट बसवलेलं होतं, त्याला सील म्हणतात. सील आहे तोवर पेटी कारखान्यातून आली तशीच आहे असं समजतात आणि तिचा भाव चढतो. सील गेलं की भाव गेला. मुलगा धूळ पुसायलासुद्धा कोणाला हात लावू देत नव्हता. स्वतः चढायचा, फडक्याने पुसायचा, उतरायचा.

एकदा विहीणबाई आल्या. त्या माहीमच्या बाजारात म्हावरं विकतात. येताना आमच्यासाठी बोंबील घेऊन आल्या होत्या. त्यांनी जावयाला स्टुलावर चढून पेटी पुसताना पाहिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"काय हो जावईबापू," त्या म्हणाल्या, "म्हावरं आणलं ते बर्फातच ठेवायचं? खायचं कधी?"

"हे खराब होत नाही मावशी."

"आमचं गिऱ्हाईक पण असंच म्हणतं. फ्रीजमध्ये टाकतं नि मग वास आला की मला शिव्या घालतं."

सून खो खो हसली. मुलगा हसला नाही. आधी तो विहीणबाईंच्या बोलण्याला हसायचा.

तेच मला खुपत होतं. पेटी नव्हे. तो घरात बसलेला होता. सकाळी उठायचा, चहा घ्यायचा, गॅलरीत खुर्ची टाकायचा आणि फोन बघत बसायचा. कुठे अर्ज केलास का विचारलं तर, "करतो." सुनेच्या भावाचा धक्क्यावरून मासळी नेणारा टेम्पो आहे, त्याने विचारलं, तेव्हाही, "बघतो." टेम्पोत वाईट काही नाही. हो म्हणून गेला असता तर मी डबा भरून दिला असता. पण तो हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता.

मी बसलेला माणूस पाहिलेला आहे. संप झाला तेव्हा नवरा बसला नव्हता. सभेला जायचा, मोर्चाला जायचा, वर्गणी काढायचा, घरी येऊन ओरडायचा. जेवणारे गाववाले एकेक करून गावी गेले, खानावळ बंद पडली, मी मिरचीगल्लीत मसाला भाजायला जायला लागले, तरी घरात बोलणं होतं. बसला तो नंतर. संप संपला असं कोणी सांगितलंच नाही. गिरणीच्या गेटवर त्याचं नाव घेतलं नाही, मग पुढच्या खेपेलाही घेतलं नाही, आणि एके दिवशी तो गेटवर गेला नाही. त्याच गॅलरीत, खुर्ची नव्हती तेव्हा, तो उंबऱ्यावर बसायचा. मी मिरचीची आग अंगावर घेऊन घरी यायची आणि तो सकाळी सोडला तिथेच असायचा. दारू नाही, मारहाण नाही. नुसता बसलेला. त्यातून वॉचमनच्या नोकरीला उठेपर्यंत मुलगा चालायला, बोलायला, शाळेत जायला लागला होता. तेवढी वर्षं त्याच्या बापाने पाहिलीच नाहीत असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून मुलाची खुर्ची गॅलरीत दिसली की माझं डोकं फिरायचं. मी सुनेला म्हटलं, "तू बोल." ती म्हणाली, "मी बोलले. आता तुम्ही बोला." मी बोलले, तर तो आत जाऊन झोपला.

मग त्याने एकच गोष्ट ठरवली, ती म्हणजे पेटी विकायची. गिरगावात त्याचा एक मित्र आहे, क्लासमधला. बँकेत नोकरी, वडिलांची जुनी मोठी जागा, त्यामुळे त्याच्याकडे अशा पेट्यांनी भरलेलं काचेचं कपाट आहे. ही पेटी आता मिळेनाशी झाली होती. त्याच्याकडे एक होती, त्याला आणखी एक हवी होती.

"एकसारख्या दोन कशाला?" मी विचारलं.

"एक ठेवायला, एक पुढे बदलायला."

"आणि खेळायला?"

"खेळायला तो साधी डबी घेतो ना."

विकतोय हे बरंच होतं, जागा मोकळी झाली असती. पण तो ज्या तऱ्हेने बोलत होता ते बरं नव्हतं. म्हणाला, "ती गेली की ते सगळंच गेलं. मग टेम्पो तर टेम्पो." कामाला जायला निघालेला माणूस असं बोलत नाही. मित्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होता.

आता दसऱ्याचं सांगते. गिरणी चालू होती तेव्हा दसऱ्याला गिरणीत पूजा असायची आणि त्या दिवशी आम्हा बायकापोरांना आत सोडायचे. एरवी गेटच्या आत पाऊल टाकायची सोय नव्हती. आदल्या दिवशी सगळे आपापला साचा घासूनपुसून ठेवायचे. साचा म्हणजे माग. झेंडूच्या माळा, केळीचे खांब, कुंकवाचे पट्टे. नवऱ्याचा साचा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो लहान वाटला. तो मात्र असा उभा राहिला होता, जसं काही घर दाखवतोय. हार घालायच्या आधी त्याने त्यावरचं तेलपाण्याचं फडकं, पत्र्याचं झाकण, सगळं काढलं. मी म्हटलं, असू दे की. तर म्हणाला, "झाकलेल्याची पूजा नसता. कुंकू हत्याराक लागूक होया." तेवढाच एक दिवस त्याला त्यातलं कळतं आणि मला नाही, असं असायचं.

संपानंतर त्याने दसरा केला नाही. म्हणजे घरात तोरण मी लावायची, गोडधोड मी करायची, आपट्याची पानं यायची. पण पूजा नाही. मी एकदा माझा मसाल्याचा उलथणा ठेवला होता, तर म्हणाला, तुझा तू पूज. मग मीही सोडलं.

त्या वर्षी दसऱ्याला तो सकाळीच आंघोळ करून बसला. मुलगा दादरला फुलं आणायला गेला होता. हा मला म्हणाला, "उलथणा खंय आसा तुझा?"

"कशाला?"

"हाड गे, विचारतस काय."

मी आणला. सुनेला म्हणाला, तुझं काय आहे ते दे. तिने कात्री, कंगवा आणि भुवया कोरायच्या दोऱ्याचं रीळ दिलं. रिळातला दोरा त्याने बोटावर घेतला, ओढून पाहिला, आणि म्हणाला, "सूत बरा आसा." सून माझ्याकडे बघायला लागली, कारण तो तिच्या कामाबद्दल कधीच काही बोललेला नव्हता. पाट मांडला, सगळं ओळीने ठेवलं. मग त्याने वर माळ्याकडे पाहिलं.

मुलाचा कॉम्प्युटर ऑफिसचा होता, तो परत गेलेला. घरात त्याच्या कामाचं म्हणावं असं त्या पेटीएवढंच होतं.

मी म्हटलं, "अहो, त्याला हात लावू नका, उद्या गिऱ्हाईक येणार आहे."

"विकूचा तर पूजून विकूचा."

सून म्हणाली, "बाबा, वरूनच कुंकू लावा हां. सील काढू नका."

तो या वयात स्टुलावर चढला, पेटी छातीशी धरून उतरला, पाटावर ठेवली. कुंकवाचं बोट लावलं. प्लास्टिकवर कुंकू राहत नाही. ते पावडरीसारखं घसरून खाली पडलं. त्याने परत लावलं, परत पडलं. मग त्याने सुनेची कात्री उचलली आणि देवाच्या अगरबत्तीचं पाकीट उघडावं तसं ते प्लास्टिक कापून टाकलं. आम्ही दोघी उभ्याच राहिलो. आतलं झाकण उघडलं, पुतळा बाहेर काढला. चिलखत घातलेला, तलवार उगारलेला माणूस, हातभर उंच. त्याच्या कपाळावर कुंकू, पायाशी कुंकू, तलवारीला कुंकू. पुस्तकाला लावलं, नकाशाला लावलं, नाण्याला लावलं. एकही वस्तू सोडली नाही.

तेवढ्यात मुलगा फुलं घेऊन आत आला.

त्याने पिशवी खाली ठेवली. प्लास्टिकचा तुकडा उचलून पाहिला. मग असा ओरडला, की गॅलरीतली सगळी दारं उघडली.

"कोणी सांगितलं होतं? कोणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला?"

"दसरो आसा."

"दसरा गेला खड्ड्यात! उद्या माणूस येतोय बाबा! सील तोडलंत? सील तोडलंत तुम्ही?"

"प्लास्टिकाची पूजा करू काय मी?"

"पूजा कशाची? हे माझं हत्यार आहे का? हा माल आहे! तयार होऊन आलेला माल! ह्यात माझं काही नाहीये!"

"मगे घेतलंस कित्याक?"

मला वाटलं आता मुलगा निघून जाईल. पण तो खाली बसला, पाटासमोरच, आणि आवाज खाली आला. म्हणाला, "दोन-अडीच वर्षं काम केलं, बाबा. ते दिसत नाही, हाताला लागत नाही. ऑफिसबाहेर कोणाला दाखवायची परवानगी नव्हती. ऑफिसच गेलं. ही पेटी उचलली की जड लागते, म्हणून घेतली. बस."

इतके शब्द तो महिन्यात बोलला नव्हता. सून दारात उभ्या असलेल्या शेजारणींना "काही नाही, काही नाही" म्हणत दार लोटायला गेली.

नवऱ्याने पुतळा हातात घेतला. "ह्येच्यात तुझा काय?"

"सांगितलं ना, काही नाही. तलवार दुसऱ्याची, चिलखत दुसऱ्याचं. मी भिंती केल्या."

"भिंत दाखव मग."

"ह्यात नाहीये भिंत."

नवऱ्याने जाड पुस्तक पुढे केलं. मुलाने पानं उलटली, भराभर. राक्षस, घोडे, बायका, बुरूज. परदेशातल्या मोठ्या चित्रकारांनी आधी काढलेली चित्रं होती ती, त्यांच्यावरून मग बाकीच्यांनी काम करायचं. मुलाची एक वीटसुद्धा पुस्तकात नव्हती. एवढ्या मोलाच्या पेटीत, ज्याने ती घेतली त्याचं काही नव्हतं. मला हसू आलं, आणि ते तसं हसण्यासारखं नव्हतं.

"भिंत गेममध्ये आहे," सून म्हणाली. "लाव ना. आता उघडलंच आहे तर लाव."

पेटीच्या तळाला ती साधी डबी होती. त्याने तबकडी काढली, टीव्हीखालच्या त्याच्या खेळायच्या मशीनमध्ये घातली. मग ते मशीन बराच वेळ काहीतरी उतरवून घेत बसलं. तेवढ्यात मी पुऱ्या तळल्या, श्रीखंड वाढलं, जेवणं झाली. एरवी जेवल्यावर नवरा आडवा होतो. त्या दिवशी नाही झाला. भिंतीला टेकून टीव्हीसमोर बसला.

खेळ सुरू झाला. लढाई होती. मुलगा लढेना. तो कोपऱ्याकोपऱ्याने पळत होता आणि भिंतींजवळ थांबत होता, आणि थांबला की मागून कोणीतरी येऊन त्याला मारत होतं. मेला की परत पहिल्यापासून.

"अरे मार ना त्याला आधी!" सून म्हणाली.

"थांब, ह्या बुरजाची खालची बाजू बघ, ही माझी."

"बघतेय, तो बघ कुऱ्हाड घेऊन आला. गेलास. परत गेलास."

शेवटी तिने त्याच्या हातातलं ते बटणांचं यंत्र काढून घेतलं. लढली ती. तो फक्त सांगत होता, डावीकडे, जिन्यावरून, आता त्या बोळात. बोळात कोणी नव्हतं. एक विहीर होती आणि तिच्या मागे एक उंच भिंत. भिंतीवर वरून खाली ओल उतरलेली होती, काळी-हिरवी, पोपडे निघालेले, आणि फटीतून पिंपळाचं एक रोप बाहेर आलेलं.

कोणी काही म्हणायच्या आधी नवरा म्हणाला, "ही आमची नळाची भिंत."

ती आमच्या चाळीच्या मागच्या बाजूची भिंत होती. खाली सार्वजनिक नळ आहे तिथली. मी तिथे हंडे भरले आहेत, भांडलेही आहे. मी ती ओल ओळखली. वरचा पाइप फुटून एका बाजूला पाणी जास्त झिरपतं, तेसुद्धा होतं.

"फोटो काढून नेले होते," मुलगा म्हणाला. "तिकडच्या साहेबाला जुनी भिंत हवी होती. मी म्हटलं, आमच्याकडे आहे."

"मेल्या, दाखवायला तुला ओलच सापडली?" मी म्हटलं.

"साहेबाला फार आवडली आई. तो म्हणाला, अशी भिंत कुठे मिळाली."

नवरा टीव्हीजवळ सरकला. पिंपळाच्या रोपावर बोट ठेवलं. "ह्याका पानां किती काढलंस?" आणि मुलगा त्याला सांगायला लागला. पान एकच काढलं आणि ते फिरवून फिरवून कसं लावलं, ओल चार थरांत कशी केली, पोपड्याखाली चुना कसा दाखवला. नवरा मध्येमध्ये विचारत होता. मला त्यातलं काही कळलं नाही आणि मी भांडी घासायला उठले. मोरीतून मला दोघांचे आवाज येत होते. या घरात ते दोघं एका गोष्टीवर एवढा वेळ बोललेले मी आधी ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गिरगावचा मित्र आला. मुलाने त्याला दारातच सांगितलं, "सॉरी यार, सील गेलं." मित्राने आत बघितलं. पुतळा टीव्हीवर उभा होता, गळ्यात झेंडू, कपाळाला कुंकू.

"अरे देवा," तो म्हणाला. "हे काय झालं?"

"दसरा झाला," सून म्हणाली.

तो बिचारा चांगला मुलगा. रागावला नाही. पण त्याचा चेहरा मयताला आल्यासारखा झाला. चहा घेतला, मग हळूच म्हणाला, "हात लावू?" पुतळा उचलला, खालून-वरून बघितला. पुस्तक मांडीवर घेऊन एकेक पान उलटलं. मी विचारलं, "तुझ्याकडे आहे ना हीच?"

"आहे काकी. पण आतून कधी बघितली नाही. व्हिडिओत बघितलं, दुसऱ्यांनी उघडलेली."

मुलाने त्यालाही भिंत दाखवली. आता तो न मरता तिथे जायला शिकला होता. तासभर त्याने मित्राला भिंती सांगितल्या, आणि नवरा मधूनच, "थंयची दाखव, जिन्याकडली," म्हणत होता, जसं काही त्यानेच केल्या आहेत. मित्र निघताना चपला घालता घालता म्हणाला, "आपल्या दादरच्या क्लासमध्ये शिकवायला माणूस शोधतायत. तू जा ना. तू सांगतोस ते त्या सरांपेक्षा बरं आहे." मुलगा म्हणाला, "बघतो." पण पुढच्या आठवड्यात तो गेला.

त्या मित्राचा नंतर फोन आला. घरी जाऊन त्याला राहवलं नाही, त्याने आपल्या कपाटातली तीच पेटी उघडली. आतल्या पुतळ्याचा तलवारीचा हात कारखान्यातूनच मोडलेला निघाला. इतके महिने त्याने मोडका पुतळा काचेच्या कपाटात सांभाळला होता, आणि आता तक्रार करायची मुदत गेलेली. तो स्वतःच हसत होता. म्हणाला, "काकांना सांगा, बाकीच्या पेट्या उघडायला पुढच्या दसऱ्याला बोलावतो."

तर घ्यावी का अशी पेटी? मला आजही कोणी विचारलं तर मी म्हणेन, जे बघायचं होतं ते साध्या डबीतही होतं. पुतळ्याची धूळ मीच पुसते, आणि चिलखताच्या फटीत गेलेलं कुंकू निघत नाही. नकाशा सुनेने टीव्हीवर घातला, तेवढा उपयोगी आला. पण हेही खरं, की साधी डबी असती तर ती कुठल्यातरी खणात पडली असती आणि नवऱ्याच्या नजरेला आली नसती. ज्याला घ्यायची त्याने घ्यावी. घेतली तर उघडावी. आणि आधी घरातल्या बाईला विचारावं की ठेवायची कुठे.

क्लासचा पगार ऑफिसपेक्षा कमी आहे. मुलगा त्यावर कुरकुरतो. पोरं ऐकत नाहीत म्हणूनही कुरकुरतो. कुरकुरतो आणि जातो. गॅलरीतली खुर्ची आता नवरा वापरतो, त्याला माझी हरकत नाही, त्याचं वय झालं.

एका रविवारी मुलगा क्लासमधल्या पोरापोरींना घेऊन चाळीच्या मागे आला. सगळ्यांच्या हातात फोन, आणि सगळे ओलीचे फोटो काढतायत. आमच्या चाळीत कोणी भिंतीचे फोटो काढले की त्याचा एकच अर्थ होतो. बिल्डरची माणसं. पाच मिनिटांत तिन्ही मजल्यांवरची माणसं खाली. कमिटीचा सेक्रेटरी बनियनवर आला. "कोणाच्या परवानगीने सर्व्हे चालू आहे? कागद दाखवा!" एक म्हातारी तर पोरीच्या हातातला फोनच ओढायला लागली. मुलगा समजावतोय, कोणी ऐकेना.

मी वरून ओरडले, "अहो, सर्व्हे नाही! शिकवतोय तो!"

"भिंत शिकवतोय?" सेक्रेटरी म्हणाला.

"होय, भिंतच!"

नवरा तोवर जिना उतरून खाली पोचला होता. सेक्रेटरीकडे त्याने पाहिलंच नाही. घाबरून मागे सरकलेल्या एका पोराचा हात धरून त्याने तो भिंतीवर ठेवला आणि म्हणाला, "लांबून काय बघतस? हात लाव. गार लागता मा? ता आधी काढ."